थंडीत गळ टाकायचा तर उशिरा निघा

डिसेंबरात नाशिकच्या धरणांवर मासा लागत नाही, असं सांगणारे बहुतेक जण पहाटे साडेपाचला घरून निघालेले असतात. कानटोपी, मफलर घालून बाईकवर कुडकुडत गंगापूरच्या बॅकवॉटरला पोचायचं, अंधारात गळ टाकायचा आणि साडेनऊला ऊन चढायला लागलं की ‘आज काही नाही’ म्हणत गुंडाळून परत. उन्हाळ्यात आणि पावसाळा सरताना हे वेळापत्रक बरोबर आहे. थंडीत ते नेमकं उलटं पडतं. ही मंडळी काठ सोडतात त्या सुमाराला मासा काठाकडे यायला लागतो.

मी सातपूरला हीट ट्रीटमेंटच्या खात्यात काम करतो. तिसरी पाळी असली की सकाळी सातला सुटतो. घरी येऊन चहा-पोहे, तीनेक तास झोप आणि अकराच्या आत रॉड बाईकला बांधून बाहेर. झोप अर्धवट राहते, घरच्यांना ते पटत नाही, तो विषय वेगळा. पण त्या पाळीमुळेच मला हिवाळ्यातली दुपार कळली. रात्रभर 850 अंशांच्या भट्टीसमोर तापमानाचे आकडे बघायची सवय, म्हणून घरातल्या माशांच्या टाकीला लावतात तसला काचेचा थर्मामीटर दोरीला बांधून मी पाण्यातही सोडतो. रॉड-रीलवर हजारो रुपये घालणाऱ्यांनी ही स्वस्तातली वस्तू आधी घ्यावी. एकाच काठावर, एकाच दिवशी, सकाळी आणि दुपारी दोन-तीन अंशांचा फरक दिसतो. भट्टीत तो मोजायच्या लायकीचाही नाही. पाण्यात त्यावरच सगळं ठरतं.

मासा बाहेरून गार झाला की आतूनही गार होतो. पाणी दहा अंशांनी उतरलं की त्याच्या शरीराचा कारभार ढोबळमानाने निम्म्यावर येतो. पचन मंद, हालचाल मंद, भूक कमी. प्राणवायूची चणचण नसते, उलट 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो आणि 30 अंशांच्या पाण्यात साडेसात. म्हणजे उन्हाळ्यात मासा जसा प्राणवायूसाठी वाहत्या पाण्याच्या तोंडाशी जमतो, तशी गरज थंडीत उरत नाही. तो शोधतो ऊब. तुम्हीही तीच शोधायची.

परदेशी व्हिडिओ आणि आपलं पाणी

मोबाईलवर अमेरिकेतल्या बास माशाचे व्हिडिओ बघून आलेली तरुण पोरं हल्ली बऱ्याच काठांवर भेटतात. तळी गोठायच्या आधीची बासची मासेमारी हा तिकडे मोठा विषय आहे. पाणी 10 अंशांच्या खाली आलं की बास सुस्तावतो, खोल उताराच्या कडेला घोळक्याने थांबतो, आणि तिकडची माणसं धातूचं जड आमिष तळाशी सोडून अगदी हळूहळू हलवत बसतात. त्यांच्या जागी ते बरोबरच आहे. पाणी 4 अंशांना सगळ्यात जड असतं. त्याहून गार झालं की ते हलकं होऊन वर राहतं, म्हणून बर्फ वर धरतो आणि तळाला त्यातल्या त्यात ऊब उरते. मासा तळाला जातो तो त्यासाठी.

आपल्याकडे धरणाचं पाणी त्या आकड्याच्या आसपासही जात नाही. निफाडला पारा पाचच्या खाली आल्याची बातमी पेपरात येते ती हवेची असते. एवढं मोठं पाणी तितकं उतरत नाही. त्यामुळे इथे एकच नियम चालतो: गार पाणी जड, ते खाली बसतं, कोमट पाणी हलकं, ते वर येतं. त्यात काठचं पाणी थोडं असल्यामुळे रात्री तेच सगळ्यात आधी निवतं. पहाटे काठ हा धरणातला सगळ्यात गार भाग असतो आणि मासा खोलात, जिथे तापमान फारसं हललेलं नाही, तिथे टेकलेला असतो. ऊन लागलं की तेच थोडं पाणी सगळ्यात आधी तापतं. अकरा-साडेअकरानंतर थर्मामीटर पायापाशी धरलात तर आतल्या पाण्यापेक्षा काठचं पाणी वर गेलेलं दिसेल. दोन ते साडेतीन हा सगळ्यात उबदार वेळ. साडेचारनंतर वारा गार लागायला लागला की मासा परत आत सरकतो.

तेव्हा ‘थंडीत खोलात टाका’ हा सल्ला सकाळपुरता खरा. दुपारी चार-पाच फूट पाणी पुरतं, कधी त्याहूनही कमी. बासच्या व्हिडिओंमधली एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलावी, ती म्हणजे संथपणा. त्याबद्दल पुढे मरळीच्या वेळी सांगतो.

काठ कुठला धरायचा

नाशिक 20 अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर मध्यान्हीलाही सूर्य क्षितिजापासून 46-47 अंशांपेक्षा वर येत नाही आणि तो दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणजे धरणाच्या उत्तरेचा काठ, जिथे उभं राहिल्यावर तुमचं तोंड दक्षिणेला होतं, तिथे ऊन सरळ पडतं. वारा पाठीमागून, उत्तरेकडून येतो आणि पाठीशी उंचवटा असला तर तोही अडतो. ही जागा अर्धं काम करते. दक्षिणेचा काठ डोंगराला लागून असेल तर तिथे दुपारपर्यंत सावली. कश्यपी धरणाकडे, धोंडेगावच्या बाजूला, डोंगर जवळ असल्यामुळे हा फरक फार जाणवतो. एका काठावर स्वेटर काढावंसं वाटतं आणि समोरच्या काठावर बसलेला माणूस मफलर सोडत नाही. मुकणे धरणाचं पाणी पसरट आणि उघडं. तिथे वाऱ्याचा विचार आधी करायचा, उन्हाचा नंतर.

वाऱ्याचं थोडं नीट समजून घ्या. दुपारी हलकी झुळूक असेल तर ती वरचं कोमट पाणी ढकलत पलीकडच्या काठाला नेते. अशा वेळी जिकडे लाटा येऊन लागतात त्या काठावर जा. पण उत्तरेचा बोचरा वारा सुटला असेल तर ते वरचं पाणीच निवतं, मग आडोशाचा काठ बरा. कुठला वारा आहे हे ओळखायला काही लागत नाही. अंगाला कळतं.

त्या काठावर नेमकी जागा निवडताना मी काळा दगड बघतो. आपल्याकडे सगळा काळा पाषाण. उन्हात तो तापतो आणि त्याच्या बुडाशी पाणी लवकर ऊब धरतं. पाण्यात उतरलेल्या खडकाचा उथळ माथा असेल आणि त्याच्या बाजूलाच जुन्या नाल्याचं खोल पात्र असेल, तर तिथेच बसा. सकाळी मासा त्या पात्रात असतो आणि दुपारी त्याला वर यायला दोन-चार हातांचंच अंतर पडतं. असली जागा थंडीत शोधायला गेलात तर पाण्याखाली दिसणार नाही. मे महिन्यात धरण आटलेलं असताना एक चक्कर मारा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. बुडालेला जुना रस्ता, विहिरीचं कठडं, बांध, बाभळीची खोडं, सगळं तेव्हा उघडं असतं. माझा फोटोंचा हा साठा मी कुणाला देत नाही, पण तो कसा करायचा ते सांगितलं.

कुठला मासा थंडीत खातो

सगळ्या माशांना थंडी सारखी बाधत नाही. कोण कुठून आलाय त्यावर ते आहे.

सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, हा थंडीतला हमखास मासा. मूळचा थंड मुलखातला. आपल्याकडे 1939 साली श्रीलंकेहून निलगिरीत आणला गेला, आणि मैदानी पाण्यात पसरली ती 1957 साली बँकॉकहून आलेली जात. पाणी दहा अंशांच्या आसपास येईपर्यंत हा खातच राहतो, म्हणजे नाशिकची थंडी त्याला फारशी अडवत नाही. तोंडाने चिखल उकरून खायची सवय, त्यामुळे तो आला की तळातून बारीक बुडबुड्यांची ओळ वर येते आणि पाणी गढूळतं. नवशिक्याने थंडीत दुसऱ्या कशाच्या मागे लागू नये.

मृगळ त्याच्या खालोखाल. हाही तळाचा. रोहू आणि कटला गंगेच्या खोऱ्यातले. आपल्या धरणांत ते मत्स्यबीज, बोटुकली सोडून आणलेले. रोहूला 14 अंशांखालचं पाणी मानवत नाही, त्याच्या वरही तो चोखंदळ होतो. उन्हाच्या दोन-तीन तासांत खाल्लं तर खाल्लं. कटला पाण्याच्या वरच्या थरात सूक्ष्म जीव गाळून खाणारा. थंडीत त्याच्यासाठी बसणं म्हणजे निव्वळ बसणं, असं माझं मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी बसावं.

तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, आफ्रिकेची. भारतात 1952 ला आली. तिला थंडी अजिबात सोसत नाही. पाणी 16 अंशांच्या आसपास आलं की खाणं जवळजवळ बंद आणि 10-12 अंशांत बराच काळ राहिली तर मरते. पण याचाच एक फायदा आहे. दुपारी दोनला ज्या कोपऱ्यात चिलाप्या जमल्यात तो त्या काठावरचा सगळ्यात उबदार कोपरा. थर्मामीटर घरी राहिला असेल तर चिलापी बघा. त्या शेकोटीभोवती बसल्यासारख्या एका जागी दाटीवाटीने उभ्या असतात, आणि त्याच कोपऱ्याच्या जरा खोल बाजूला मोठा सायप्रिनस असायची शक्यता चांगली.

आमिष: मऊ, कमी तेलाचं आणि थोडं

उन्हाळ्यातलं पीठ थंडीत चालत नाही. आपल्याकडे शेंगदाण्याच्या पेंडीवर सगळ्यांची भिस्त. पेंडीत तेल असतं, गार पाण्यात तेल दाट होतं आणि वास नीट पसरत नाही. मंद पचनाच्या माशाला ते जडही जातं. म्हणून पेंड एक चतुर्थांशावर आणा. मी एक वाटी कणीक, पाव वाटी बारीक पेंड, अर्धी वाटी पावाचा चुरा आणि एक उकडलेला बटाटा असं मळतो. बटाटा अशासाठी की गार पाण्यात कणकेचा गोळा घट्ट होत जातो आणि अर्ध्या तासाने गळावर खडा बसल्यासारखा होतो. बटाट्याने तो मऊ राहतो आणि हळूहळू सुटतो. हाताला जरा सैल वाटेल, फेकताना पडेल अशी भीती वाटेल, एवढंच सैल पाहिजे. वासासाठी बडीशेपेची पूड आणि चमचाभर गूळ. हिंग घालावा की नाही यावर काठाकाठांवर वाद आहेत. मी घालत नाही. लसूण ठेचून घालणारेही आहेत आणि त्यांनाही मासे लागतात.

दुसरं आमिष मका. रात्रभर, जमल्यास पूर्ण दिवस भिजवायचा आणि दाणा नखाने दाबला जाईपर्यंत शिजवायचा. कच्चा किंवा अर्धवट भिजलेला दाणा कधीही पाण्यात टाकू नका. तो माशाच्या पोटात जाऊन फुगतो. ज्वारीच्या घुगऱ्याही चालतात, लहान असल्यामुळे थंडीत उलट बऱ्या. गळावर एकच मक्याचा दाणा किंवा ज्वारीचे दोन-तीन.

तिसरं म्हणजे गांडूळ. थंडीत शेतात उकरून गांडूळ सापडत नाही, ते खाली गेलेलं असतं. शेणखताच्या ढिगाकडे जा. ढीग आतून गरम असतो आणि लाल, बारीक, वळवळणारी गांडुळं तिथे वीतभर खोलीवरच मिळतात. मालकाला विचारून घ्या. दोन-तीन मूठ त्याच शेणखतासकट डब्यात भरा आणि डबा जॅकेटच्या आत ठेवा. गारठलेलं गांडूळ हलत नाही, आणि न हलणाऱ्या गांडुळाकडे मृगळ बघत नाही.

आता चारा, म्हणजे मासा जमवण्यासाठी आधी टाकायचं ते. थंडीत बहुतेकांचं बिनसतं ते इथे. उन्हाळ्यासारखा अर्धा किलो चारा फेकला तर माशाचं पोट त्यातच भरतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला काही नको असतं. बसल्यावर लिंबाएवढा एक गोळा टाका, त्यात खायचं कमी आणि चुरा जास्त. नंतर सुपारीएवढा, तोही मासा लागल्यावर किंवा तळातून बुडबुडे यायचे थांबल्यावर. माझ्या ओळखीचे एक वयस्कर भोई आहेत, हयातभर याच पाण्यावर जाळं टाकलेलं. ते थंडीत चारा टाकतच नाहीत. गळावर जे आहे तेवढंच. विचारलं तर म्हणतात, “जेवायला बोलवायचं नाही रे बाबा, नुसती चव दाखवायची.”

दोर, गळ, फ्लोट

रॉड नऊ-दहा फुटांचा, मऊ टोकाचा. रील मध्यम. दोर 0.25 मिलिमीटरचा साधा नायलॉन आणि गळाकडचा शेवटचा हातभर भाग 0.20 चा. थंडीत पाणी निवळतं, गाळ बसलेला असतो, जाड दोर माशाला दिसतो. बरेच जण वेणीचा दोर वापरतात. तो ताणला जात नाही, आणि मऊ ओढीच्या माशाच्या तोंडातून गळ सुटतो. मला थंडीत नायलॉनच बरा वाटतो.

गळ पिठासाठी 10 किंवा 12 नंबरचा, मक्यासाठी आणि गांडुळासाठी 8 चा. नंबर वाढला की गळ लहान होतो हे नव्या माणसाला दुकानात दोनदा सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगतो. गळाचं टोक नखावर हलकेच ओढून बघा. घसरलं तर बोथट, अडलं तर धारदार. बोथट गळ पावसाळ्यात चालून जातो, कारण मासा स्वतःच तोंडात घेऊन पळतो. थंडीत तो पळत नाही.

फ्लोट, म्हणजे दोराला बांधायची तरंगती खूण, बारीक, पेन्सिलीसारखा उभा राहणारा घ्या. थर्माकोलचा जाड गोळा नको. आधी ठाव घ्यायचा: गळाला शिशाचा मोठा मणी अडकवून पाण्यात सोडा आणि फ्लोट वर-खाली सरकवत खोली मोजा. मग शिसं काढून फ्लोट असा बांधा की दोन-तीन बोटं दोर तळावर लोळेल. नंतर बारीक शिशाचे मणी एकेक लावत फ्लोटचं टोक पाण्यावर जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं उरेल इथपर्यंत त्याला बुडवा. हे करायला पंधरा मिनिटं लागतात आणि शेजारचा तोवर चार वेळा गळ फेकून मोकळा होतो. होऊ द्या. थंडीतला सायप्रिनस आमिष तोंडात घेतो, तिथेच उभा राहतो आणि नको वाटलं तर थुंकतो. जाड फ्लोटला यातलं काहीही कळत नाही.

ओढ ओळखायची कशी? फ्लोट बुडेल म्हणून वाट बघू नका. तो किंचित वर उचलला गेला, आडवा झाला, वाऱ्याच्या उलट दिशेला दोन बोटं सरकला, किंवा लाटेबरोबर डुलायचा तो डुलायचा थांबला, की मनगटाने रॉड हलकेच वर घ्या. खांद्यापासून झटका मारायचा नाही. 0.20 चा दोर तुटेल, आणि थंडीत माशाचं तोंड आमिषावर घट्ट मिटलेलं नसतं, गळ नुसता बाहेर येईल. लागल्यावर सायप्रिनस पहिल्यांदा जडशीळ वाटतो, दगडात अडकल्यासारखा. मग हळूहळू चालायला लागतो. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोर सुटू देणारा ब्रेक, आधीच सैल ठेवलेला असावा.

एका जागी किती बसायचं? बुडबुडे, गढूळपणा, फ्लोटची काहीच हालचाल नाही असं पाऊण तास गेलं तर जागा सोडा, पण लांब जाऊ नका. त्याच उन्हातल्या काठावर वीस-पंचवीस पावलं सरका. थंडीत मासा धरणभर विखुरलेला नसतो. एका खडकापाशी सगळे आणि पुढे शंभर फूट रिकामं पाणी, असं असतं.

मरळ

बासवाल्या पोरांना खरं तर मरळीच्या मागे लावलं पाहिजे. दबा धरून झडप घालणारा आपला मासा तो. मोठ्या धरणाच्या उघड्या पाण्यापेक्षा पाझर तलाव, बंधारे, वेल आणि गवत माजलेली कोपऱ्यातली डबकी इथे तो असतो. थंडीत चिखलात, पाणवेलींखाली सुस्त पडून राहतो. पण मरळीला हवेतला श्वास घ्यावाच लागतो. कितीही थंडी असली तरी ठरावीक वेळाने तो वर येऊन तोंड उघडतो आणि पाण्यावर एक गोल उमटतो. बारा ते तीनच्या मध्ये शांत उभे राहून हे गोल बघा. एकाच जागी दोनदा उमटला की त्याच्या पलीकडे रबरी बेडूक टाका, आणि मग बासवाल्यांचा तो संथपणा वापरा: एक वीत ओढा, थांबा, मनात दहा आकडे मोजा, परत एक वीत. पावसाळ्यात सरसर ओढलेल्या बेडकावर मरळ तुटून पडतो. थंडीत तो त्याच्याकडे बघत बसतो आणि बेडूक पुढे निघून गेला की विसरतो. घेतलं की लगेच ओढू नका, दोर ताणला जाईपर्यंत श्वासभर थांबा.

शहराच्या खालच्या बाजूला गोदावरीत जलपर्णीखाली मरळ भरपूर. तिथला मासा मी घरी नेत नाही. त्या पाण्यात काय काय सोडलं जातं ते नाशिककराला सांगायला नको.

कुठला दिवस निवडायचा

थंडीची लाट आली त्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी जाऊ नका. तापमान एकदम उतरलं की मासा तोंड बंद करतो. तेवढीच थंडी तीन-चार दिवस टिकली की तो त्याला सरावतो आणि पुन्हा थोडं खायला लागतो. थंडी किती आहे यापेक्षा ती किती दिवस एकसारखी आहे हे बघा.

डिसेंबरात मध्येच ढग येतात तेव्हा माझ्या पिंपळगावच्या मेहुण्याचा चेहरा उतरतो. त्याची द्राक्षबाग. ढगाळ हवा म्हणजे डाऊनी, भुरी असले रोग, फवारण्यांचा खर्च. मी त्याच्यासमोर काही बोलत नाही, पण ढगांनी रात्रीची ऊब धरून ठेवलेली असते, सकाळचं पाणी फार उतरत नाही आणि अशा दिवशी मासा दुपारची वाट न बघता खातो. ढगाळ दिवसाला वेळापत्रक सैल सोडलं तरी चालेल.

आणि आवर्तनाची बातमी वाचत जा. रब्बीसाठी कालव्याला पाणी सोडलं की धरणाची पातळी रोज उतरते. पाणी उतरताना मासा उथळ काठ सोडतो, मग ऊन असलं तरी एक टप्पा खोल जावं लागतं. पाणी सोडणं बंद झाल्यावर दोन दिवसांनी काठ परत चालू होतो.

परवानगी आणि जपून राहायच्या गोष्टी

बहुतेक धरणांत मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेला असतो. बीज त्यांनी सोडलेलं, जाळी त्यांची. काठावर कुणी भेटलं तर आपण होऊन विचारा, ते जे शुल्क सांगतील ते द्या आणि पावती मागा. त्यांच्या जाळ्याच्या ओळीवर गळ टाकू नका. धरणाची भिंत, दरवाजे, पाणी उपसायची जॅकवेल यांच्या आसपास फिरकायचं नाही. गंगापूर आणि मुकण्याचं पाणी शहर पितं, तिथे पहारा असतो आणि असावाच. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. थंडीत तिकडे चक्रवाक बघायला जा, रॉड घरी ठेवून. इतर धरणांवरही हे पक्षी उतरतात. तुटलेल्या दोराचा वीतभर तुकडासुद्धा त्यांच्या पायाला फास बसवतो, म्हणून तुकडे खिशात घालून आणा.

दारणासारख्या जुन्या धरणात, 1916 चं बांधकाम ते, गाळ फार साठलाय. पाणी मागे गेलेल्या पट्ट्यावर वरचा पापुद्रा वाळून भेगाळलेला दिसतो आणि खाली मांडीभर राड असते. काठीने टोचत चाला, आणि एकट्याने जायचं नाही. गळ अडकला तर दोर कापा. तो सोडवायला गार पाण्यात उतरण्याइतका कुठलाच गळ महाग नसतो. धरणाच्या खाली नदीपात्रात बसणार असाल तर पाणी सोडायचा भोंगा वाजला की सामान तिथेच सोडून वर या.

संध्याकाळी पाचला आवरायला घ्या. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, मासा त्याआधीच आत गेलेला असतो, आणि उसाच्या, मळ्यांच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यांवर बिबट्या दिसणं हे आता नाशिक जिल्ह्यात नवलाचं राहिलेलं नाही. माशांची पिशवी बाईकच्या मागे उघडी लटकवून, अंधारात, एकट्याने येऊ नका.

न्यायचा तेवढाच मासा ठेवा, बाकीचा ओल्या हाताने धरून पाण्यातच सोडा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. सायप्रिनसला चिखलाचा वास येतो म्हणून लोक नाक मुरडतात. पोट साफ करून तुकड्यांना मीठ, हळद आणि ताक लावून अर्धा तास ठेवा, धुवा, मग आलं-लसणाचं वाटण लावा. थंडीतल्या माशाला तो वास तसाही कमी असतो.

हे सगळं फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतं. मग सकाळी नऊलाच काठचं पाणी थर्मामीटरवर आतल्या पाण्याच्या बरोबरीला यायला लागतं. तसं झालं की पेंड पुन्हा वाढवा, गळ 6 नंबरचा घ्या आणि गजर पहाटेचा लावा. माझी पहिली पाळी असेल तर त्या दिवसांत मला रविवारशिवाय काही मिळत नाही.